अंतर आणि विस्थापन: गतीचे समीकरण यांपैकी काय देते?

वस्तूने प्रत्यक्ष कापलेल्या मार्गाची एकूण लांबी म्हणजे अंतर, तर आरंभीच्या स्थानापासून अंतिम स्थानापर्यंतची सरळ रेषेतील लांबी आणि तिची दिशा मिळून होते ते विस्थापन. ‘दोन बिंदूंमधील कमीत कमी अंतर’ ही विस्थापनाची प्रचलित व्याख्या अपुरीच म्हणावी लागेल, कारण तिच्यातून दिशा गळते आणि मग उत्तरातील ऋण चिन्हाचा अर्थ लागत नाही. सरळ रेषेवर ७ मीटर पुढे जाऊन ९ मीटर मागे आलेल्या वस्तूने १६ मीटर अंतर कापलेले असते, पण तिचे विस्थापन उणे २ मीटर असते, म्हणजे ती आरंभबिंदूच्या २ मीटर मागे असते.

वस्तू न वळता एकाच दिशेने सरळ गेली तरच अंतर आणि विस्थापनाचे परिमाण समान येते. एरवी विस्थापनाचे परिमाण कमीच भरते: ७ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळावर अंतर सुमारे २२ मीटर, विस्थापन १४ मीटर.

खरा गोंधळ होतो तो गतीच्या दुसऱ्या समीकरणात, म्हणजे s = ut + ½at² यात (u आरंभीचा वेग, a त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, t वेळ; वरची दिशा धन धरली तर खाली ओढणाऱ्या गुरुत्वाचे त्वरण ऋण). चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग मानले आणि हवेचा रोध सोडून दिला, तर ३ सेकंदांसाठी हे समीकरण ६० वजा ४५, म्हणजे १५ मीटर असे उत्तर देते. हे विस्थापन आहे. चेंडू २ सेकंदांत २० मीटर उंची गाठून पुढच्या सेकंदात ५ मीटर खाली आलेला असल्याने कापलेले अंतर २५ मीटर होते, आणि ते काढायचे तर जिथे वेग शून्य होतो त्या क्षणी गतीचे दोन भाग करावेच लागतात. चौथ्या सेकंदाअखेर चेंडू फेकलेल्या जागी परततो; तेव्हा सरासरी चाल (अंतर भागिले वेळ) सेकंदाला १० मीटर, तर सरासरी वेग (विस्थापन भागिले वेळ) शून्य असतो.

या पूर्ण फेरीत गुरुत्वबलाने केलेले एकूण कार्यही (बलाने वस्तूला दिलेली किंवा तिच्याकडून घेतलेली ऊर्जा) शून्यच असते, कारण ते विस्थापनावर ठरते. घर्षणाचे तसे नाही: खडबडीत पृष्ठभागावर ठोकळा ढकलत नेऊन मूळ जागी आणला, तर विस्थापन शून्य असूनही घर्षणाविरुद्ध केलेले कार्य दोन्ही वेळच्या मार्गाच्या लांबीनुसार मोजावे लागते.