"कसं वाटलं पुस्तक?"

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तक परत करायला गेले की देवघेवीच्या टेबलावरच्या काकू आधी मागच्या पानावरची तारीख बघत आणि मग विचारत, "कसं वाटलं?" हा प्रश्न त्या उगीच विचारत नसत. उत्तर ऐकून पुस्तक कपाटात जायचे की टेबलावरच ठेवायचे हे ठरे. टेबलावर राहिलेले पुस्तक संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून घरी गेलेले असे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे मतही तिथे धरले जाई, याचे तेव्हा काही विशेष वाटले नव्हते. मराठीत पुस्तकावर मत देण्याचा हक्क कुणाकुणाला होता आणि तो कसा पसरत गेला, हे पुढे वाचत गेले तेव्हा त्या साध्या प्रश्नाची किंमत कळली.

या हक्काची गोष्ट पुण्यातून सुरू करावी लागते. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमल आल्यावर रक्कम घटली, तरी वाटप चालू राहिले. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्याबरोबरच्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. जुन्या मंडळींनी गहजब केला, पण मागणी मान्य झाली आणि दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. लेखकाने हस्तलिखित पाठवायचे, कमिटीतल्या परीक्षकांनी ते वाचायचे, पसंत पडले तर बक्षीस. मराठी पुस्तकावर रीतसर मत देण्याची सुरुवात म्हणून मी या कमिटीकडे बघते. ती सुरुवात परीक्षेसारखी होती. लिहिणारा उमेदवार, वाचणारा परीक्षक, आणि तिसरे कुणी नाही.

१८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी याच कमिटीकडे एक नाटक पाठवले, 'तृतीय रत्न'. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला एक जोशी ग्रहदशेची भीती घालून कसा लुबाडतो, याची ती गोष्ट. सोबत एक पादरी आहे आणि सगळ्यांवर मध्येमध्ये बोलणारा विदूषक आहे. शेवटी ते जोडपे शिकायला निघते. कमिटीने नाटक नाकारले. पुढे 'गुलामगिरी'त फुल्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. ज्यांच्याविषयी नाटक होते त्यांच्याच हाती निकाल होता. ते नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे त्याला वाचकच मिळाला नाही.

मग मासिके आली. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ पासून निघू लागले आणि तिथे नव्या ग्रंथांची परीक्षणे येऊ लागली. पण पुस्तकावर लिहिणे म्हणजे काय याचा वस्तुपाठ घालून दिला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि आठ वर्षांत चौऱ्याऐंशी अंक काढले. पुस्तक ओळीओळीने वाचावे, लेखकाचा मोठेपणा बाजूला ठेवावा, आवडले नाही तर का ते फोड करून सांगावे, ही शिस्त मराठीला त्यांनी लावली. त्यांचे गद्य आजही वाचताना अंगावर येते, आणि मला ते मनापासून आवडते.

म्हणूनच फुल्यांच्या पुस्तकांवरचे त्यांचे लिखाण वाचताना जास्त वाईट वाटते. शास्त्रीबुवांनी तिथे व्याकरण धरले, शुद्धलेखन धरले, भाषेची टिंगल केली. शेतकऱ्याच्या आणि अतिशूद्राच्या हालांविषयी पुस्तकात जे म्हटले होते त्याच्या तोंडाशीही ते गेले नाहीत. एवढा तयारीचा वाचक समोरचे पुस्तक न वाचता लेखकाची पायरी मोजत बसला. मराठी परीक्षणात ही खोड पुढे बराच काळ टिकली, असे मला वाटते. पुस्तक काय म्हणते हे बघण्याआधी ते कुणी लिहिले आणि त्याला शुद्ध लिहिता येते का, हे बघण्याची खोड.

याची सर्वांत जबर किंमत एका बाईने मोजली. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला होता आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले जात होते. ताराबाईंनी त्याला उत्तर दिले. जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषात नाही काय, असा सरळ सवाल. भाषा घरातली, चुलीपुढची, धारदार. त्यावर टीकेची झोड उठली, आणि ती करणाऱ्यांत सुधारणेची भाषा बोलणारेही होते. ताराबाईंच्या बाजूने लिहिले ते जोतीरावांनी, १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार'मध्ये. पुस्तकावर आपले मत छापून सांगणे हे लेखिकेच्या पाठीशी उभे राहणेही असू शकते, याचा इतका जुना आणि इतका स्वच्छ दाखला मराठीत मला दुसरा माहीत नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा छापले, तेव्हा आपल्या पिढ्यांना ते वाचायला मिळाले.

त्याच १८८५ सालातली आणखी एक गोष्ट. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत भरली होती. आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ तेच. दुसरी सभा १८८५ मध्ये भरली, तिचे आमंत्रण फुल्यांनाही गेले. त्यांनी नकाराचे पत्र लिहिले आणि ते 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. या 'घालमोड्या दादां'त मिसळून शूद्रातिशूद्रांचा काही फायदा नाही, आमचा विचार आम्हीच केला पाहिजे, असा त्याचा आशय. संमेलनांच्या इतिहासात हे पत्र वादाचा किस्सा म्हणून सांगितले जाते. मला त्यात तीस वर्षांपूर्वी नाटक परत आलेला लेखक दिसतो.

वाचनालये तोवर गावोगाव उभी राहत होती. रत्नागिरीचे १८२८चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ची. पुढे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले. तिथे येणाऱ्या वाचकांची मते मासिकांत छापली जात नव्हती. ती देवघेवीच्या टेबलापाशी बोलली गेली आणि विरली. उरली ती पेन्सिलीने समासात लिहिलेली. जुन्या वाचनालयातले पुस्तक उघडावे तर पहिल्या पानावर "अवश्य वाचा", मध्ये कुठे "खोटे!" आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात "खोटे नाही, मी पाहिले आहे". वाचनालयाचा नियम मोडून केलेली ही लिखावट मला परीक्षणांइतकीच मोलाची वाटते.

मासिकांतला कारभार आता ठरीव झाला होता. प्रकाशकाने दोन प्रती पाठवायच्या. संपादकाला पुस्तक दखलपात्र वाटले तर परीक्षण, मध्यम वाटले तर परिचय, नाहीतर 'साभार पोच' या सदरात नाव, पाने, किंमत. 'साभार पोच'मध्ये आपले पुस्तक बघून किती नवोदितांचे मन खट्टू झाले असेल! तरीही या चाकोरीत उत्तम माणसे लिहीत होती. १९४३ मध्ये बडोद्याहून 'अभिरुची' निघाले. तिथे मं. वि. राजाध्यक्ष 'निषाद' या नावाने लिहीत, आणि विद्वत्तेचे ओझे न जाणवू देता पुस्तकाविषयी बोलता येते हे त्यांनी दाखवले.

जानेवारी १९६४ मध्ये मॅजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' सुरू केले. फक्त पुस्तकांविषयीचे मासिक चालेल का, ही शंका रास्त होती. ते चालले, कारण त्यात नुसती समीक्षा नव्हती. कोण काय लिहितो आहे, कुठले पुस्तक येऊ घातले आहे, याच्या बातम्या होत्या. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने लिहीत ते मिश्किल सदर होते आणि त्याच्याबरोबर वसंत सरवट्यांची चित्रे होती. आमच्या वाचनालयात 'ललित'चा अंक आला की नव्या खरेदीची यादी बदलत असे.

वाचकाला खऱ्या अर्थाने मध्ये आणले ते 'ग्रंथाली'ने. १९७४ च्या अखेरीस दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ती सुरू केली आणि तिला नाव दिले वाचक चळवळ. सभासद वाचकांच्या बळावर पुस्तके काढायची आणि ती गावोगाव न्यायची. दया पवारांचे 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ मध्ये याच वाटेने आले. पु. ल. देशपांडे यांनी त्यावर भरभरून लिहिले, घराघरांत ते वाचले गेले, आणि वाद झाले तेही घरातच, जेवणाच्या ताटांवर. मराठवाड्यात गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक त्याआधीपासून दलित लेखक आणि त्यांचे वाचक एकत्र आणत होते. परीक्षकाची खुर्ची आता एकट्या पुण्या-मुंबईच्या विद्वानांकडे उरली नव्हती.

वाचलेल्याविषयी सहज बोलण्याचा एक खासगी प्रवाहही आहे. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी सभासमारंभांपासून दूर राहत, पण पत्रांतून वाचलेल्या पुस्तकांविषयी पानेच्या पाने लिहीत. गोविंद तळवलकरांनी 'वाचता वाचता'मधून इंग्रजी पुस्तकांचे जग मराठी वाचकापुढे ठेवले. आणि सतीश काळसेकरांनी 'वाचणाऱ्याची रोजनिशी' लिहिली. पुस्तक कुठे मिळाले, कुणी सुचवले, वाचताना काय आठवले, हे सगळे त्यात येते. निकाल कुठेच नाही. या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निव्वळ वाचकाच्या टिपणांना एवढा मान मिळाला, याचा मला त्या वेळी झालेला आनंद अजून आठवतो.

२००९ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना निघाली. पुस्तकांची पेटी एका घरी ठेवायची, आसपासच्यांनी वाचायची, मग पेट्यांची अदलाबदल करायची. पेट्या तुरुंगांत गेल्या, परदेशातल्या मराठी घरांतही गेल्या. पेटी ज्यांच्या घरी असते त्यांना पुस्तक परत करणारा दारातच दोन वाक्ये सांगून जातो.

फुल्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पुढच्या आवृत्तीत 'तृतीय रत्न' आले आहे. आमच्या वाचनालयातून मी तो जाडजूड खंड आणला आणि नाटक घरी मोठ्याने वाचले. जोशी त्या बाईला घाबरवतो तिथे आधी हसू आले, मग विदूषक बोलू लागला तसे हसू गेले. खंड परत करताना काकूंनी सवयीने विचारले. मी एवढेच सांगितले. त्यांनी तो खंड पुन्हा हातात घेतला, नाटकाचे पान कुठले ते विचारून तिथे कागदाची खूण घातली आणि तो टेबलावरच ठेवला.