निळ्या दिव्याखाली बिलिरुबिनचं काय होतं?

बाळाला कावीळ झाली की पहिली संक्रांत बाळंतिणीच्या ताटावर येते. वरणातली हळद बंद, आंबा बंद, पिवळं झबलंसुद्धा कपाटात. पण हा पिवळेपणा आईच्या जेवणातून येत नाही. गर्भात ऑक्सिजन कमी, म्हणून बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्या भराभर मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि नवख्या यकृताला त्याचा निचरा झेपत नाही. पूर्ण दिवसांच्या १०० बाळांपैकी साधारण ६० बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. काहींची मात्र चढत जाते, आणि फार वाढलेलं बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करतं. अशा बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात.

या उपचाराचं मूळ एका नर्सच्या नजरेत आहे. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात अंगणात नेत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी राउंडवर आलेल्या डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंग फिकट, पोटावर एक त्रिकोण तेवढा गर्द पिवळा. आयोडीन लावलंत का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिथे चादरीचा कोपरा होता, बाकीचं अंगच फिकं पडलंय, असं सिस्टरांचं म्हणणं. विषय तिथेच राहिला. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीत बिलिरुबिन अनपेक्षितपणे कमी भरलं, तेव्हा कुठे चक्रं फिरली. तिथल्याच डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

आता खरी गंमत. बिलिरुबिनच्या रेणूत पाण्याशी जमवून घेणारे अणूंचे गट आहेत, पण ते हायड्रोजन बंध नावाच्या नाजूक जोडांनी आपापसांतच गुंतलेले. रेणू असा अंग चोरून बसल्यामुळे पाण्यात विरघळत नाही. एरवी यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ही गुंतवळ सोडवतं. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश त्वचेतल्या या रेणूवर पडला, की त्यातला एक दुहेरी बंध गिरकी घेतो. रेणूची 'झेड' नावाची मांडणी बदलून 'ई' नावाची होते. आतले हायड्रोजन बंध तुटतात, दडलेले गट उघडे पडतात, आणि आम्ल न जोडताच रेणू पित्तात उतरतो. हा बदल झटपट होतो, पण उलटतोही. दुसरा बदल सावकाश आणि कायमचा: रेणूत नवं कडं जुळून ल्युमिरुबिन बनतं, ते पित्तातून आणि लघवीतूनही जातं. यात अतिनील किरणांची गरज नाही.

हे सगळं काम त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाचं, म्हणून नर्स लंगोटाखेरीज बाळाचं सगळं अंग उघडं ठेवते, डोळे जपायला त्यांवर पट्टी बांधते, ताप किंवा गारठा नाही ना ते बघते आणि दूध चुकू देत नाही. दूध पोटात गेलं की शी होत राहते; ती साचली तर आतड्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शिरतं. दिव्याखाली कातडीचा रंग फसवतो, त्यामुळे रक्तच तपासावं लागतं. कोवळ्या उन्हाची मात्रा मोजता येत नाही, दिव्याची येते.

'कावीळ उतरवणारे' हात धुवून पिवळं पाणी दाखवतात. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आणि पाण्यात चुना असला, की धडधाकट माणसाच्या हातूनही तेच पाणी निघतं. पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं, सुस्त पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर थेट दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.