दृष्टिपटलातील प्रतिलेखन घटक

डोळ्याच्या आतल्या भिंतीवरचा, प्रकाश टिपणारा पातळ पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्याच्या सगळ्या चेतापेशी गर्भात एकाच प्रकारच्या पूर्वज पेशींपासून घडतात. कोणत्या पेशीने पुढे काय व्हायचे, हे मुख्यतः प्रतिलेखन घटक म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ठरवतात. ही डीएनएच्या ठरावीक जागी चिकटून जनुके चालू-बंद करणारी प्रथिने आहेत.

यातले एक काम विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात पाहता येते. खुडूक कोंबडी बसवल्यावर चार-पाच दिवसांनी, अंधाऱ्या खोलीत अंड्याला टॉर्च लावावा. अंडे फळलेले असेल तर लाल शिरांच्या जाळ्यात काळा ठिपका हलताना दिसतो. तो पिल्लाचा डोळा. काळेपणा आहे दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्य थराचा, आणि तो थर घडवतो एमआयटीएफ हा घटक. शेजारच्या आतल्या थरात व्हीएसएक्स२ हा घटक एमआयटीएफला दाबून ठेवतो, म्हणून तिथे रंग न भरता चेतापेशी होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनुकांचे नियंत्रण शिकवायला याहून स्वस्त प्रयोग सापडणे कठीण.

सर्वांत गाजलेला घटक पॅक्स६. 1995 मध्ये स्विस जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेहरिंग यांच्या गटाने त्याचे फळमाशीतले जनुक भलत्याच ठिकाणी चालू केले, तर माशीच्या पायांवर आणि पंखांवर डोळे उगवले. तेव्हापासून त्याला ‘मास्टर जनुक’ म्हणतात. दृष्टिपटलापुरते हे बिरुद जरा फुगवलेलेच आहे. तिथे पॅक्स६ पूर्वज पेशींच्या वाटा खुल्या ठेवतो; वाट निवडतात ते दुसरेच घटक.

एटीओएच७ या घटकाशिवाय गँग्लियन पेशी, म्हणजे मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या पेशी, जवळजवळ होतच नाहीत. त्या सर्वांत आधी जन्मतात आणि त्यांच्याच धाग्यांची दृष्टिचेता बनते. पीटीएफ१ए पूर्वज पेशींना क्षैतिज व अमॅक्राइन, म्हणजे संदेशांची आडवी जोडणी करणाऱ्या पेशींकडे वळवतो. गँग्लियन पेशींपर्यंत संदेश पोचवणाऱ्या द्विध्रुवी पेशी आणि चेतापेशींना आधार देणाऱ्या मुलर पेशी शेवटी येतात.

खरी गंमत आहे मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी आणि भर उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींच्या फाट्यावर. ओटीएक्स२ आणि सीआरएक्स पेशीला प्रकाशग्राही, म्हणजे प्रकाश टिपणारी, बनवतात. पुढचा कौल एनआरएलचा. 2001 मध्ये उंदरातून एनआरएल काढून टाकल्यावर एकही दंडपेशी झाली नाही, त्या जागी निळा प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशींसारख्या पेशी भरल्या. म्हणजे शंकू होणे हा पेशीचा मूळ कल, दंड होण्यासाठी हुकूम लागतो. एनआरएलच्या हाताखालचा एनआर२ई३ शंकुपेशींची जनुके बंद ठेवतो.

एनआर२ई३ च्या जनुकाच्या आई आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडल्या तर लहानपणापासून रातांधळेपणा येतो. आतेभाऊ-मामेबहिणीची सोयरीक असलेल्या घरांत अशा दोन्ही प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. दिवेलागणीला पोर उंबरठ्याला अडखळू लागले, की गावात अ जीवनसत्त्वाची कमतरता धरतात. शेवग्याचा पाला, पपई, अंगणवाडीतला डोस हे सगळे त्या कमतरतेवर चांगलेच. पण दोष जनुकात असेल तर यातले काहीच पुरत नाही. त्यामुळे डोस पूर्ण होऊनही रात्री दिसत नसेल, तर दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यायला हवी.

झेब्राफिश या छोट्या माशाच्या दृष्टिपटलाला इजा झाली तर मुलर पेशी नव्या चेतापेशी घडवतात. त्यात एएससीएल१ या घटकाचा वाटा असतो. तोच घटक प्रौढ उंदराच्या मुलर पेशींत मुद्दाम चालू करून, जोडीला एक औषध देऊन, इजेनंतर काही चेतापेशी मिळवल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.