ऐंशीला लॉक केलेली गाडी

हिंजवडीला कर्मचारी पोचवणारी बस असो की चाकणहून सुटे भाग घेऊन निघालेला ट्रक, चालकांच्या बोलीत गाडी ‘ऐंशीला लॉक’ असते. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना स्पीड गव्हर्नर सक्तीचा आहे. मर्यादा ताशी ८० किलोमीटर. डंपर, टँकर आणि शाळेच्या बसला ६०. या यंत्राचं एआयएस-०१८ हे मानकही पुण्याचंच, कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेलं.

यंत्र तसं साधं. गिअरबॉक्सपाशी एक दातेरी चाक फिरतं, शेजारचा सेन्सर समोरून गेलेले दाते मोजतो. सेकंदाला किती दाते गेले त्यावरून वेग कळतो. तो ठरलेल्या आकड्यापाशी आला की कंट्रोलर इंजिनला मिळणारं डिझेल आखडतं घेतो. मग पेडल पार तळाला दाबलं तरी गाडी पळत नाही. गव्हर्नरला रस्ता दिसत नाही. एका वायरीतून जे येतं, तेच त्याचं जग.

म्हणून छेडछाड होते ती बहुधा त्या वायरीशीच. पासिंगच्या दिवशी सगळं जागेवर, सीलसकट. एरवी गाडी १०० वर धावते आणि गव्हर्नरला वाटतं ती सत्तरीतच आहे.

पण ही थाप एकट्या गव्हर्नरपुरती राहत नाही. त्याच वायरीतल्या संदेशावर किलोमीटरचा काटा चालत असेल, तर तोही कमी मोजू लागतो. डिझेल खऱ्या अंतराचं जळतं आणि हिशेब खोट्या अंतराचा लागतो. कंपनीच्या वहीत ॲव्हरेज घसरलेलं दिसतं आणि संशय येतो डिझेलचोरीचा. एक लपवायला जावं तर भलतंच अंगावर येतं ते असं.

शिवाय गाडीत वेगाचे दुसरे साक्षीदार असतात. समजा, टॉप गिअरमध्ये इंजिनचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा, डिफरन्शियल ४:१ (शाफ्टच्या चार फेऱ्यांना चाकाचा एक) आणि टायरचा घेर ३.२ मीटर. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर चाकं ३७५ फेरे घेणार. म्हणजे मिनिटाला १२०० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. सेन्सर ५० सांगत असेल तर तो खोटं बोलतोय, हे समजायला गाडीखाली झोपावं लागत नाही. जीपीएसचा तर चाकांशी संबंधच नाही. उपग्रहाच्या लहरींची वारंवारता किती सरकली यावरून तो वेग काढतो. (कात्रजच्या बोगद्यात तेवढा तो आंधळा होतो.)

हा खटाटोप कशासाठी? बहुतेकदा एका जादा फेरीसाठी. वेळापत्रकच असं आखलेलं असतं की ऐंशीच्या आत ते बसत नाही. कायद्यालाही हे माहीत असावं: वाहनात बेकायदा फेरफार केल्याची शिक्षा मालकाला आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चालकाला एकट्याला पुढे करून कंपनीने हात झटकायचे, हे मला तरी पटत नाही.

८० वरून १०० म्हणजे वेग पाव पट वाढला, पण गतिज ऊर्जा वाढते ५६ टक्के. ती सगळी ब्रेकनाच गिळावी लागते. भरलेला ट्रक थांबायला ८० ला ५० मीटर लागत असतील, तर तेवढ्याच ताकदीच्या ब्रेकवर १०० ला ७८ लागतील. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर वेगळंच.

गव्हर्नर निकामी करायचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात एकही वायर तोडावी लागत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली होती. गव्हर्नर फक्त डिझेल रोखू शकतो. त्याला ब्रेक लावता येत नाही. उतारावर गाडी ओढतं गुरुत्वाकर्षण, त्याचा नळ बंद करणार कोण? त्यात न्यूट्रलला इंजिनचा अटकावही सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड सैल होते.

आणि हे करतात म्हणे डिझेल वाचवायला. आजच्या इंजिनात गिअर टाकून, पेडल सोडून उतरलं की इंजेक्टर जवळपास बंदच होतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र ते चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं.