आवाज बारीक होतो, पण बारकाईने होत नाही : अँड्रॉइडमधील आवाजाच्या पायऱ्यांची पार्श्वभूमी

बेळगावच्या खडेबाजारात किंवा शहापूर भागातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर एक तक्रार हमखास कानावर येते : ‘‘ह्याचा आवाज बारीक हुईना झालाय बगा.’’ दुकानदार बटण दाबून पाहतो, आवाज कमी होतो, शेवटी बंदही होतो, आणि ‘बटण चांगले आहे’ असे सांगून तो फोन परत देतो. गिऱ्हाईकही खोटे बोलत नसते. त्याला हवा असलेला आवाज दोन पायऱ्यांच्या मधे कुठेतरी असतो, आणि तिथे थांबण्याची सोय त्या फोनमध्ये नसते. हा घोळ समजून घ्यायचा, तर यंत्राच्या इतिहासाआधी एका शब्दाकडे पाहावे लागते.

मराठीत आपण आवाज ‘बारीक’ करतो, म्हणजे कमी करतो. ‘बारीक’चा दुसरा अर्थ सूक्ष्म, तपशिलाचा असा आहे, बारीक काम, बारीक नजर, बारीकसारीक हिशेब. सीमाभागात दोन भाषांत वावरणाऱ्याला हे कन्नडमधूनही ओळखीचे आहे, कारण तिथल्या ‘सण्ण’ या शब्दालाही लहान आणि बारीक असे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. त्यामुळे ‘आवाजावर बारीक नियंत्रण हवे’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात : आवाज फार कमी करता यावा, किंवा तो थोडाथोडा बदलता यावा. फोन बनवणाऱ्यांनी बहुधा पहिल्याच अर्थाचा विचार केला आणि शून्यापर्यंत जाण्याची सोय दिली. वापरणाऱ्याचे गाऱ्हाणे दुसऱ्या अर्थाचे होते. गंमत अशी की या प्रश्नात दोन्ही अर्थ शेवटी एका जागी येऊन मिळतात, कारण थोडाथोडा बदल नेमका आवाज बारीक असतानाच लागतो. खानापूरच्या बाजूला आषाढातल्या पावसात पत्र्याच्या छपराखाली फोन नवव्या पायरीवर ठेवला काय आणि दहाव्या काय, फरक कळत नाही. त्याच घरात माघाच्या रात्री सगळे झोपलेले असताना पहिली आणि दुसरी पायरी यांतले अंतर फार मोठे वाटते.

रेडिओच्या काळात हा प्रश्न नव्हता. एका बाजूला धारवाड आणि दुसऱ्या बाजूला सांगली आकाशवाणी ऐकणाऱ्या या पट्ट्यातल्या घरांत जो रेडिओ असे, त्याच्या गोल खुंटीला पायऱ्या नव्हत्या. खुंटीच्या आत कार्बनचा पट्टा असे आणि त्याचा रोध सरळ रेषेत न वाढता कानाच्या चढणीशी जुळेल अशा वळणाने वाढवलेला असे, म्हणून सुरुवातीच्या भागातही आवाज हळूहळू उठे. ही जुळणी मुद्दाम केलेली होती. कान आवाजाचा फरक गुणोत्तराने ओळखतो, त्यामुळे सरळ वाढणारा रोध वापरला तर पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच सगळा आवाज येऊन पडतो. टेपरेकॉर्डर आणि रंगीत दूरदर्शन संचांच्या पुढच्या काळाबद्दल बोलण्यासारखे फारसे नाही. रिमोट आला, खुंटी गेली आणि आकडे आले.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्यातील आवाज वेगवेगळ्या प्रवाहांत वाटलेला होता आणि प्रत्येक प्रवाहाला पूर्णांकात मोजलेल्या पायऱ्या होत्या. गाणी-चित्रफितींसाठी १५, रिंगसाठी, सूचनांसाठी आणि गजरासाठी प्रत्येकी ७, तर फोनवरील संभाषणासाठी अवघ्या ५. बाजूच्या बटणाचा एक दाब म्हणजे एक पायरी, इतके ते साधे होते. अ‍ॅप बनवणाऱ्याला जी सोय उपलब्ध होती, तीही पूर्णांकच स्वीकारत असे. साडेतीन नावाची पायरी मागण्याचा मार्गच नव्हता. पडद्यावरची पट्टी बोटाने सरकवताना सलग सरकल्यासारखी दिसते, आवाज मात्र खाली टप्प्याटप्प्यानेच उड्या मारतो.

वाद नेहमी या १५ वर होतो. पण माझ्या मते आकड्यापेक्षा जास्त दोष वाटणीचा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. खुल्या मूळ कोडमध्ये अनेक वर्षे हेडफोनवरच्या माध्यम-प्रवाहासाठी, म्हणजे गाणी-चित्रफितींच्या आवाजासाठी, कुठल्या पायरीला किती आवाज द्यायचा हे ठरवणारी चार बिंदूंची एक वक्ररेषा होती. पट्टीचे शंभर भाग धरले तर १ वर आवाज पूर्ण पातळीच्या ५८ डेसिबल (आवाज मोजण्याचे एकक) खाली, २० वर ४० डेसिबल खाली, ६० वर १७ डेसिबल खाली आणि १०० वर पूर्ण. या रेषेवर १५ पायऱ्या समान अंतराने बसवल्या की हिशेब असा निघतो : पहिली पायरी साधारण ५३ डेसिबल खाली पडते, दुसरी ४७ च्या जवळ आणि तिसरी ४० वर. म्हणजे तळाशी प्रत्येक दाबाला सुमारे साडेसहा डेसिबलची उडी बसते. मधल्या भागात ती चारच्या आत येते आणि नवव्या पायरीनंतर वर तीनच्या आसपास राहते. सहा डेसिबलला ध्वनीचा दाब दुप्पट होतो, आणि सावध ऐकणाऱ्या कानाला साधारण एका डेसिबलचा फरकही जाणवू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे रात्रीची तक्रार काल्पनिक नाही हे पटते. जिथे पायऱ्या सर्वांत दाट हव्या होत्या तिथे त्या सर्वांत विरळ आहेत. काही कंपन्यांनी आपल्या फोनसाठी ही रेषा बदलली, म्हणून सगळ्या फोनचा अनुभव सारखा नसतो. एका फोनची पहिली पायरी दुसऱ्या फोनच्या तिसरीएवढी वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

पायऱ्या कमी ठेवण्याच्या बाजूनेही एक युक्तिवाद होता आणि तो टाकाऊ नव्हता. खिशातला फोन न बघता हाताळणाऱ्याला शांततेपासून पूर्ण आवाजापर्यंत १५ दाबांत पोहोचता येते. पायऱ्या १०० केल्या तर तेच अंतर कापायला १०० दाब लागतील किंवा बटण धरून ठेवावे लागेल, आणि गाडी चालवणाऱ्याला किंवा अंधारात गजर चाचपडणाऱ्याला ते परवडणारे नाही. हा युक्तिवाद बटणापुरता खरा आहे. पट्टीला तो लागू पडत नाही, कारण बोटाला दाब मोजावे लागत नाहीत. बटणाची पायरी ठोकळ आणि पट्टीची बारीक अशी फारकत पहिल्या दिवसापासून करता आली असती. शिवाय आवाज सांभाळणारी प्रणालीतील सेवा आतल्या आत प्रत्येक पायरी दहापटीने धरते, म्हणजे १५ ऐवजी १५० ची नोंद ठेवते. वेगवेगळ्या पायऱ्यांच्या प्रवाहांत रूपांतर करताना अपूर्णांक हरवू नयेत, एवढ्यासाठी ती सोय आहे. वापरणाऱ्याला बाहेर देताना ती पुन्हा दहाने भागली जाते. कोठारात रवा असूनही दुकानात फक्त अख्खा गहू मिळावा, असा हा प्रकार आहे.

अँड्रॉइडच्या २०१२ सालच्या आवृत्तीत हेडफोनच्या आवाजाबाबत इशारा आला. युरोपातील सुरक्षा मानकांमुळे तो आणावा लागला, आणि ज्या देशांत तो लागू होता तिथे ठरावीक पायरीच्या पुढे जाताना इशाऱ्याची एक पाटी दिसू लागली. ती मर्यादा मूळ मांडणीत दहाव्या पायरीशी बांधलेली होती. मोठ्या आवाजाची काळजी अशी कायद्याच्या धाकाने का होईना घेतली गेली. लहान आवाजाच्या बाजूने कोणताही कायदा उभा नव्हता.

त्या पुढची चारपाच वर्षे म्हणजे फोन ‘रूट’ करण्याचा, म्हणजे कंपनीचे कुलूप तोडून आतल्या फाइली बदलण्याचा, काळ. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची अभियांत्रिकीची मुले वसतिगृहात रात्र जागवून हे काम करत आणि हेडफोन लावून ऐकणाऱ्या प्रत्येकाला एक उपाय ठाऊक असे : प्रणालीच्या विभागातील बिल्ड प्रॉप नावाच्या मजकूर-फाइलमध्ये माध्यम-प्रवाहाच्या पायऱ्या सांगणारी एक ओळ घालायची, १५ च्या जागी ३० लिहायचे आणि फोन बंद करून पुन्हा सुरू करायचा. स्वयंसेवकांनी तयार केलेल्या काही रॉममध्ये (कंपनीच्या प्रणालीऐवजी फोनवर चढवायच्या बदललेल्या प्रणालीत) तर हा आकडा सेटिंगमधूनच निवडता येत असे. ३० पायऱ्यांनी तळाची उडी साधारण तीन डेसिबलवर येई, आणि तेवढ्यानेही रात्रीचा प्रश्न बराच सुटे. किंमत मात्र कमी नव्हती. हमी जात असे, एखादे अक्षर चुकले तर फोन सुरूच होत नसे, आणि माझ्या माहितीतल्या एकाने वडिलांच्या नव्या फोनवर हा प्रयोग करून दोन दिवस घरी तोंड लपवले होते.

हा मार्ग आवाजाशी संबंध नसलेल्या कारणांनी बंद झाला. २०१६ च्या आवृत्तीपासून सुरू होतानाच प्रणालीची तपासणी कडक झाली, बदललेला विभाग असलेला फोन अडू लागला. त्याच वर्षी यूपीआय आले. भाजीवाल्यापासून बसस्थानकावरच्या चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे चौकोनी ठिपक्यांचे फलक लागले, आणि पैशाची अ‍ॅपे रूट केलेला फोन पाहिला की चालण्यास नकार देऊ लागली. आवाजाच्या पंधरा जादा पायऱ्यांसाठी खिशातले पाकीट सोडायला कोणीही तयार नव्हते.

२०१४ च्या आवृत्तीत आवाज बदलताना पडद्यावर येणारी पाटी नव्याने रचली गेली आणि तेव्हा बटणाने फोन पूर्ण मुका करण्याची सवयीची रीत मोडल्याबद्दल मोठी ओरड झाली. पायऱ्यांचा विषय तिच्यात बुडाला. २०१८ मध्ये पट्टी आडवीची उभी होऊन बटणांशेजारी आली आणि बटणे रिंगऐवजी आधी माध्यमाचा आवाज बदलू लागली. तिथेही संख्या होती तशीच राहिली.

दरम्यान ब्लूटूथने एक जुनी युक्ती हिरावून घेतली. पूर्वी फोनचा आवाज आणि स्पीकरचा आवाज वेगवेगळे असत. हरिपाठाला बसलेल्या मंडळीत ज्याच्या ताब्यात स्पीकर असे, तो स्पीकर खाली उतरवून ठेवी आणि फोन दहाव्या-अकराव्या पायरीवर वर-खाली करी. नकळत तो वक्ररेषेच्या वरच्या, दाट पायऱ्यांच्या भागात काम करत असे. २०१५ च्या आसपासच्या आवृत्त्यांपासून ‘अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ नावाची पद्धत रुजली आणि फोनची पट्टी व स्पीकरची पातळी एकमेकांना जखडली गेली. ब्लूटूथच्या त्या नियमात ० ते १२७ अशा पातळ्या पाठवता येतात, तरी १५ पायऱ्यांचा फोन त्यांतल्या मोजक्याच वापरतो. ही जखडण सोडवण्याचा पर्याय नंतर विकसकांच्या पर्यायांत मिळाला. तो विभाग उघडण्यासाठी फोनच्या माहितीतील बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारावी लागते, आणि साठीच्या पुढच्या माणसाने ते स्वतः शोधून काढावे ही अपेक्षा जास्तच आहे.

मधल्या काळात दोन बदल कंपन्यांच्या पातळीवर झाले. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेल्या फोनमध्ये माध्यमाच्या पायऱ्या २५ केल्या; वर सांगितलेल्या रेषेवर त्या बसवल्या तर तळाची उडी साडेसहावरून चारच्या आत येते. एका कोरियन कंपनीने २०१७ च्या सुमारास आपल्या फोनसाठी वेगळे अ‍ॅप दिले आणि त्यात बटणाच्या एका दाबाला किती सरकायचे ते १ ते १० मधून निवडता येऊ लागले. सर्वांत लहान निवड केली की पंधराचे दीडशे होतात. बटण आणि पट्टी यांची फारकत करण्याचा शहाणा तोडगा तो हाच. तो एकाच कंपनीच्या फोनपुरता राहिला, आणि ते अ‍ॅपही वेगळे उतरवून घ्यावे लागते, म्हणून पुष्कळ फोनधारकांना त्याचा पत्ताच नसतो.

बाकीच्यांना उरतात ती इतर अ‍ॅपे. २०१० च्या आवृत्तीपासून इक्वलायझरसारखे (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारे) परिणाम वापरता येतात, २०१८ पासून आवाजाच्या चढउतारावर काम करणारी आणखी एक सोय आली. त्यांच्या आधारे काही अ‍ॅपे पायरी तीनवर ठेवून आवाज आतून थोडा खाली ओढतात आणि मधल्या जागा भरून काढतात. बॅटरी वाचवणाऱ्या व्यवस्थेने अ‍ॅप मागे बंद केले की आवाज अचानक मूळ पातळीवर उसळतो, म्हणून झोपलेल्या बाळाशेजारी याचा भरवसा धरता येत नाही. त्यापेक्षा ज्या प्लेअरला स्वतःची वेगळी पट्टी असते तो बरा, कारण अ‍ॅपला आपला आवाज शून्य ते एक यांमधल्या अपूर्णांकात ठरवण्याची मुभा जुन्या आवृत्त्यांपासून आहे.

टॅबलेटची कहाणी वेगळी नाही, फक्त तिचा त्रास वेगळ्या वेळी कळला. २०२० मध्ये शाळा बंद असताना एका खोलीत दोन मुले दोन माध्यमांतले तास ऐकत बसली, एक मराठी आणि एक कन्नड, आणि मोठ्या स्पीकरचा टॅबलेट एका पायरीवर ऐकू येत नसे, पुढच्या पायरीवर शेजारच्या तासावर कुरघोडी करत असे.

अलीकडच्या आवृत्त्यांनी आवाजाकडे जास्त लक्ष दिले आहे, हे मान्य करावे लागेल. २०२३ च्या आवृत्तीत रिंग आणि सूचना यांचे आवाज पुन्हा वेगळे झाले. हेडफोनचा इशाराही पायरीच्या आकड्यावरून हलून कानात आठवडाभरात किती ध्वनी गेला या मोजमापावर आला. ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, हे त्याचे माप. २०२४ मध्ये आवाजाची पाटी पुन्हा रंगली आणि पट्ट्या जाडजूड झाल्या. माध्यमाच्या पायऱ्यांची संख्या निवडण्याची जागा मूळ सेटिंगमध्ये अजून आलेली नाही, आणि खडेबाजारातला दुकानदार जुन्याच रीतीने स्पीकरची खुंटी थोडी उतरवून फोन अकरावर ठेवायला सांगतो.