अंगात मुरलेली भीती आणि बॉडी थेरपीची मुळं

जुलै २०२१ मध्ये चिपळूणात पूर आला, पाणी दोन दिवसात ओसरलं पण आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगातून ते गेलंच नाही. रात्री पत्र्यावर सर वाजली की त्या ताडकन उठून बसायच्या, खांदे कानाला टेकलेले, दात आवळलेले, आणि काय होतंय विचारलं तर म्हणायच्या "काही नाही गो, झोप तू." मनात काही नाही असं त्यांना खरंच वाटायचं. त्या खांद्यांमुळे मी बॉडी थेरपी, म्हणजे अंगात साठलेली भीती अंगाच्या वाटेनेच मोकळी करणं, शिकायला लागले, आणि शिकताना कळलं की ही विद्या बरीच जुनी आहे.

सुरुवात धरायची तर बर्लिनच्या एल्सा गिंडलरपासून धरावी. ती व्यायाम शिकवायची, पण कवायत नाही, उभं राहताना श्वास कुठे अडतो एवढंच बघायला लावायची. तिची शिष्या शार्लट सेल्व्हर १९३८ मध्ये अमेरिकेत गेली आणि हे तिकडे रुजलं. या बायकांची नावं कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

नाव होतं ते विल्हेल्म राइखचं. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडच्या तालमीतला माणूस, पण त्याला दिसलं की पेशंट बोलतो एक आणि त्याचा जबडा, मान, पोट सांगतात दुसरंच, दाबलेल्या भावना स्नायूंत चिलखतासारख्या बसतात हे त्याचं म्हणणं आजही या सगळ्याचा पाया आहे. पुढे मात्र तो भरकटला, एका पेटीत बसलं की विश्वातली ऊर्जा अंगात भरते म्हणून त्या पेट्या द्यायला लागला, १९५४ मध्ये कोर्टाने मनाई केली, त्याची पुस्तकं जाळली गेली, आणि १९५७ मध्ये तो तुरुंगातच वारला. हे शिकणाऱ्याने ही गोष्ट नीट वाचावी, कारण चांगली नजर असलेला माणूसही पुराव्याशिवाय किती लांब वाहवत जातो ते त्यात दिसतं. त्याचा शिष्य अलेक्झांडर लोवेन याने पेटी सोडली आणि पाय रोवून उभं राहणं, थरथरणं, श्वास हे घेऊन बायोएनर्जेटिक्स नावाची पद्धत उभी केली. पीटर लेव्हीनचं सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग त्यानंतरचं, त्याचा भर घाबरलेलं शरीर हळूहळू, थोडं थोडं मोकळं करण्यावर. त्यावर अभ्यास झालेत पण अजून थोडेच आहेत, त्यामुळे चालू औषधं यासाठी कोणी बंद करू नयेत.

आणि आपल्याकडे? १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया करणाऱ्यांचे एक्स-रे काढून, आतले दाब मोजून बघितले, म्हणजे बर्लिनमध्ये गिंडलर शिकवत होती त्याच काळात घाटावर हे चाललेलं.

शिकताना आधी कितीतरी दिवस फक्त स्वतःचंच अंग बघायचं असतं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. म्हणून काकूंवर मी काहीच केलेलं नाही. सर आली की मी त्यांच्या पडवीत जाते, दोघी तळवे गार जमिनीला टेकवून बसतो, श्वास सोडताना मी मोजते, परवा सातपर्यंत गेलो आणि त्यांनी स्वतःहून जबडा सैल सोडला.