पार्श्वभूमी : द्रावण मिश्रणात का गणले गेले?

नागपुरातल्या शिकवणी वर्गांत ‘मिश्रण आणि द्रावण यांतील फरक’ दोन रकान्यांत लिहून घेतात. ही मांडणीच चुकीची आहे. द्रावण हे समांगी, म्हणजे सगळीकडे सारखेच असलेले मिश्रण आहे; मिश्रणाचाच एक प्रकार. मात्र ते मिश्रणातच मोडते, हे सहजासहजी ठरलेले नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये काम करणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाने दाखवले की कॉपर कार्बोनेट खाणीतले असो वा प्रयोगशाळेतले, त्यातल्या घटकांचे वस्तुमानी प्रमाण तेच राहते. पॅरिसमधल्या दुसऱ्या तज्ज्ञाने १८०३ मध्ये उलट बाजू मांडली. प्रमाण बदलू शकते, असे सांगताना त्याने द्रावणे, काच आणि मिश्रधातूंचे दाखले दिले. त्याच्या लेखी विरघळणे हेही रासायनिक संयोगच होते.

तो हरला, पण त्याच्या बाजूला पुरेसे वजन दिले जात नाही. नवसागर विरघळताना पाणी गार होते, कॉस्टिक सोडा विरघळताना तापते. ५० मिली पाण्यात ५० मिली अल्कोहोल ओतले तर १०० नव्हे, सुमारे ९६ मिली भरते. १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळले की पुढचे तळाशी राहते. रेती आणि लोहकिसाच्या साध्या मिश्रणात यातले काहीच घडत नाही. तरीही ३६ ग्रॅमच्या आत मीठ कितीही घालता येते, प्रमाण ठरलेले नाही. संयुगात ते ठरलेले असते. याच निकषावर द्रावण संयुगांतून बाहेर पडले.

१८६१ मध्ये कलिलांचा, म्हणजे अतिसूक्ष्म कण न विरघळता पसरून राहिलेल्या मिश्रणांचा, वेगळा वर्ग मांडला गेला आणि १९०३ च्या सुमारास अतिसूक्ष्मदर्शकाने त्यांचे कण टिपले. पावसाळ्यात कन्हानचे पाणी गढूळ होते, ते निलंबित आणि कलिल मातीमुळे. तुरटीने ती माती गोळा होऊन खाली बसते. विरघळलेले क्षार मात्र पाण्यातच राहतात, ते गाळणीलाही दाद देत नाहीत.

विसाव्या शतकात बदलत्या प्रमाणाची घन संयुगे खरोखरच सापडली. आयर्न ऑक्साइडच्या एका प्रकारात ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूमागे लोहाचा एक पूर्ण अणूही भरत नाही. पॅरिसच्या त्या तज्ज्ञाचे नाव अशा संयुगांच्या गटाला दिले गेले. द्रावण मात्र मिश्रणातच राहिले. शाळेच्या धड्यात निकाल येतो, पण तापणाऱ्या आणि गार होणाऱ्या पाण्याचा पुरावाही तिथे यायला हवा.